डॉक्टर खांबेट्यांची गोलंदाजी

“डॉक्टर, रोगी कमी पडले की तुम्ही मुद्दाम लोकांच्या अंगावर चेंडू टाकता का हो?”

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून मथूने भर मैदानात विचारून टाकलं. डॉक्टर खांबेटे धोतर खोचत म्हणाले, “अगं, नेमका अंगावर टाकता आला असता, तर स्टंपावर नसता का टाकला?” मग त्यांनी चेंडूच तिच्या हातात ठेवला. “तू टाक. स्टंप उडाला, तर रविवारी सातारकरांविरुद्ध तुला खेळवतो.”

मथू परकर सावरत धावली आणि मधला स्टंप उडाला. डॉक्टरांनी तिची नाडी पाहिली, मग स्वतःची. “ताप कुणालाच नाही. म्हणजे हे खरंच घडलं.”

घरी जाऊन तिने जाहीर केलं, “आई, अप्पा, मी ठरवलंय. रविवारी मी खेळणार. अप्पा, तुमच्या जागी. तुम्हाला सक्त विश्रांती हवी, असं डॉक्टरच म्हणाले.”