जुन्या मापाची स्टेपनी

निवृत्तीनं जीपला मोठी चाकं बसवली, पण जुन्या मापाची स्टेपनी काही विकली नाही. "आपल्या गाडीला बसत न्हाई, मंग कशाला ठेवली?" असं नागुबाई नवऱ्याला वर्षभर विचारत होती. तो नुसतं हूं म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी दुष्काळात हदगावच्या स्टँडवर सवाऱ्या आटल्या, तेव्हा एका सवारीवरून त्याचं आणि त्याचा जुना दोस्त दगडोबाचं वाजलं. दोघांनी सारख्याच जीपा एकाच दिवशी घेतलेल्या. तेव्हापासून बोलणं बंद.

आज नांदेडच्या रस्त्यावर दगडोबाची जीप उभी दिसली. स्टेपनी सकाळीच लावून झालेली, आता दुसरंही चाक पंक्चर झालं होतं आणि आत त्याची म्हातारी आई धापा टाकत होती. निवृत्तीनं गाडी पुढं काढली. शेजारी बसलेल्या नागुबाईचा जीव खालीवर झाला. शंभरेक पावलांवर त्यानं ब्रेक मारला आणि गाडी मागं घेतली, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

निवृत्तीनं आपल्या गाडीतली जुनी स्टेपनी काढून दिली. चाक नेमकं बसलं. नट आवळता आवळता दगडोबा हळूच म्हणाला, "तुह्या गाडीला तर हे चालत न्हाई."

"तुह्या गाडीला चालतं म्हून ठेवलं."

दगडोबानं शेवटचा नट आवळून पाना निवृत्तीच्या हातात दिला.

"भावजी," नागुबाई म्हणाली, "दवाखान्यातून सरळ आमच्याकडं जेवायला या."