बंद करू नका

टक्क्यांचा आकडा पुन्हा अडला. निळ्या पडद्यावर पांढरे ठिपके गोल गोल फिरत होते आणि खाली सूचना होती: अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.

“अजून नाही झालं?” आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

“होतंय गं,” मुलगा म्हणाला. त्याचं त्यालाच ते खरं वाटत नव्हतं.

मुलगा म्हणजे चांगला चाळिशीतला ट्रकचालक. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखायचा, पण या खोक्यापुढे त्याची मात्रा चालत नव्हती. खोकं वडिलांचं. त्यांची हयात छापखान्यात गेली. निवृत्तीनंतर घरबसल्या दुकानांच्या कार्डांचा मजकूर जुळवायला त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला आणि दुसऱ्या कुणाला कधी हात लावू दिला नाही. नवा घ्या म्हटलं की मुलाच्या अंगावर धावून जायचे. मुलगाही ऐकून घेणारा नव्हता. दोघांचं आयुष्यभर असंच चालत आलं होतं.

मग वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचाही गेली. समोरच्याचं सगळं समजायचं, पण तोंडातून शब्द फुटेना. भांडायला कुणी उरलं नाही, तेव्हा मुलाला घर खायला उठलं.

वाचेवर उपचार करणाऱ्या बाई दूरच्या शहरात होत्या. त्या कॉम्प्युटरवरून समोरासमोर शिकवायच्या. मोबाइलवर ओठ धड दिसत नाहीत, मोठाच पडदा हवा, असं त्यांनी बजावलं होतं. आज दुपारची वेळ कशीबशी मिळाली होती. पण त्यांचं पान उघडायला गेलं की उत्तर यायचं, तुमची सिस्टीम जुनी आहे, आधी अपडेट करा. म्हणून सकाळपासून ही झटापट.

खोक्यातला पंखा घरघरत होता. वडील शेजारी खुर्चीत बसून टक लावून पडद्याकडे बघत होते. फिरता फिरता ठिपकेही थबकले.

“मेलं वाटतं!” मुलगा उठला. “ट्रक असा अडला की मी चावी काढतो आणि पुन्हा लावतो. यालाही तेच औषध.”

तो टेबलाखाली शिरला आणि वायरींच्या गुंत्यात प्लग शोधू लागला. वरून धपधप आवाज आला. वडील डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवत होते.

“पाणी हवंय का, बाबा? देतो हं, एवढं उपटलं की देतोच.” त्याने प्लग मुठीत धरला.

“गाढवा! हात काढ!”

मुलाचं डोकं खाडकन टेबलावर आदळलं. तो तसाच रांगत बाहेर आला. दारात आई उभी होती, हाताला पीठ तसंच. वडील स्वतःच डोळे विस्फारून बसले होते, जणू ते शब्द दुसऱ्याच कुणी उच्चारले होते.

“काय म्हणालात?” आईने हळूच विचारलं.

वडिलांचे ओठ थरथरले. घसा खरवडला. खूप वेळाने, वाकडातिकडा, पण शब्द आला. “हा...त.”

आई पिठाच्या हातांनीच डोळे पुसायला लागली. पडद्यावरचे ठिपके केव्हा पुन्हा फिरायला लागले, ते कुणीच पाहिलं नाही.

दुपारी पान उघडलं. चष्मा लावलेल्या त्या बाई पडद्यावर आल्या. त्यांनी वडिलांना नमस्कार केला, मग मुलाकडे वळून सौम्य आवाजात विचारलं, “घाबरू नका, आज पहिलाच दिवस आहे. त्यांना एखादा शब्द तरी येतो का?”

कपाळावरचं टेंगूळ मिरवत, छाती फुगवून मुलगा म्हणाला, “येतो ना बाई! मला गाढव म्हणाले!”