गाळलेला शब्द

चर्चच्या कमिटीनं तो दगड टेबलावर मधोमध ठेवला होता, पानाचा ठसा उमटलेला. एस्तेरबाईंना त्याच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. रविवारच्या शाळेत हा दगड दाखवताना मुलांना त्या सहज बोलून गेल्या होत्या, हे पान कोट्यवधी वर्षांपूर्वीचं आहे म्हणून. नेमकं त्याच आठवड्यात बाहेरगावच्या एका वक्त्यानं पडद्यावर चित्रं दाखवून पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, आधारानं पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं ठरवून टाकलं होतं.

"सही करा, नाहीतर सोमवारपासून शाळेतही येऊ नका," सेक्रेटरी म्हणाले. मिशनच्या त्या शाळेत बाई वीस वर्षं शास्त्र शिकवत होत्या. चुंबक, प्रकाश, खडक.

पाळकसाहेबांनी स्वतः लिहिलेला कागद पुढं सरकवला. बाईंनी पेन उघडलं. सही केली तर उद्या वर्गात कुठल्या तोंडानं उभं राहायचं?

'मी शास्त्राविरुद्ध काहीही शिकवणार नाही.' एवढीच ओळ होती. त्यांनी ती पुन्हा वाचली आणि सही केली.

सेक्रेटरींनी कागद डोळ्यांजवळ धरला. "साहेब, यात 'पवित्र' राहून गेलंय. 'पवित्र शास्त्राविरुद्ध' असं पाहिजे."

बाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं.

"शास्त्र पवित्रच असतं की," पाळकसाहेब म्हणाले. "अपवित्र शास्त्र कुणी पाहिलंय?"

सेक्रेटरी जरा घुटमळले, मग कागद फायलीत गेला. बाईंनी दगड उचलून पर्समध्ये टाकला. दारातून त्यांनी मागं वळून पाहिलं. पाळकसाहेबांनी कपबशी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, तरी कप वाजत होता.