पुष्पाबाईंच्या नावाची नळी

हिवरा आश्रमाहून आलेल्या पुष्पाबाईंच्या रक्ताची नळी प्रतिमाच्या हातून फुटली. चूक कबूल करायची लाज वाटली, म्हणून ती काम करायची त्या चिखलीच्या लॅबचं आतलं दार लोटून तिनं स्वतःचंच रक्त काढलं आणि नळीवर पुष्पाबाईंचं नाव चिकटवलं.

यंत्रानं लोह शून्य दाखवलं. जस्त, तांबं, कॅल्शियमही शून्य. सकाळचे बाकी सगळे नमुने तर बरोबर आले होते. तिनं पुन्हा रक्त काढलं. लालभडक, कोमट. पुन्हा सगळं शून्य.

शेवटी मान खाली घालून ती बाहेर बाकावर बसलेल्या पुष्पाबाईंकडे गेली.

"मावशी, रक्त परत घ्यावं लागेल. माझ्याकडून…"

पुष्पाबाईंनी बाही वर सारली.

"घे, बाई. पण तुह्या रगतात काहीच काऊन नाही निंघालं?"