लिंबाखालचं कॉल सेंटर

सोनपेठजवळच्या त्या शेतात मोबाईलला रेंज यायची ती फक्त धुऱ्यावरच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरच्या, लिंबाखाली. त्यामुळं ओमप्रकाश लंडनच्या लोकांची वॉशिंग मशीनची गाऱ्हाणी तिथंच बसून ऐकायचा. आज आणखी एका गिऱ्हाइकानं कमी तारे दिले की नोकरी जाणार होती. आणि नेमके आजच त्याचे वडील आणि वाल्मीककाका त्याच धुऱ्याच्या वादावरून कुऱ्हाडी घेऊन एकमेकांवर धावले.

"हे कसलं इंग्रजी? मला इंग्रजी येणारा माणूस दे!" फोनवरची बाई खेकसली.

"सॉरी मॅडम," तो पंधराव्यांदा अदबीनं म्हणाला. तेवढ्यात वडिलांचं डोकं फुटलं, काकाचा कान लोंबकळायला लागला आणि लॅपटॉपवर रक्ताची चिळकांडी उडाली. ती त्यानं बाहीनं पुसली. बाई पुन्हा ओरडली तेव्हा मात्र त्याला रडू फुटलं.

भांडण जागच्या जागी थांबलं.

"कोण रडवायलंय रे आमच्या पोराला?" काका गरजला.

"लंडनची बाई हाय. माझं इंग्रजी गावंढळ म्हणायली."

"आण इकडं!"

काकानं उरलेल्या कानाला हेडफोन लावला आणि बाईच्या सात पिढ्या शुद्ध मराठीत उभ्या-आडव्या फाडल्या. त्याला धाप लागली तसे वडील म्हणाले, "सरक, तुला न्हाई जमायचं," आणि उरलेल्या सात त्यांनी काढल्या. पाच मिनिटांनी बाईनं फोन ठेवला.

ओमप्रकाशनं भीत भीत स्क्रीन पाहिली. पाचपैकी पाच तारे होते. खाली बाईनं लिहिलं होतं, 'शेवटी एकदाचे अस्सल इंग्रज भेटले. शब्द न् शब्द कळला.'