अंग वाकतंय तोवर

बसलिंगप्पांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अजून वाकत होतं. मलप्पांनी ते हळूच मिटवलं, सोडलं, पुन्हा मिटवलं. मग दोन बोटं भावाच्या हनुवटीखाली घालून जबडा हलवून पाहिला. तो हलला नाही.

"तोंड धरलं," ते पुतण्याला म्हणाले. "आता मान, मग खांदे. उन्हाळा हाय विरूपाक्ष, लवकर धरतंय."

लातूरच्या त्या दवाखान्यात बिलाच्या खिडकीसमोर स्ट्रेचर थांबवलेलं होतं. बसलिंगप्पा सकाळी वारले होते. डोक्यापासून पायापर्यंत हिरवी चादर. पायथ्याशी त्यांची बायको रुद्राणीबाई जमिनीवर बसली होती. भरती करताना नर्सनं बसलिंगप्पांच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून तिच्या हातात दिलं होतं. तेव्हापासून ते तिच्या पदराच्या गाठीत होतं.

विरूपाक्ष पुन्हा खिडकीशी गेला. वडिलांच्या उपचाराचे सांगितले तेवढे पैसे त्यानं केव्हाच भरले होते.

"मॅडम, झालं का?"

"दादा, न वापरलेली औषधं मेडिकलला परत गेलीत. ती वजा झाल्याशिवाय फायनल बिल निघत नाही. बिल नाही तर गेटपास नाही."

"ते पैसे राहू द्या. आम्हाला परत नकोत."

"असं कसं राहू देऊ? तुमचेच पैसे आहेत ना?" खिडकीतली मुलगी खरोखर त्याच्या भल्याचं बोलत होती. "मेडिकलवाले जेवायला गेलेत. येतीलच."

दोन्ही भिंतींना लांब बाक होते आणि दोन्ही भरलेले होते. एक्स-रेच्या नंबराला बसलेला एक म्हातारा स्ट्रेचरकडे बघत म्हणाला, "त्यांचं बी अजून सुटंना व्हय? आमाला वाटलं, जित्त्यालाच थांबवून घेत्यात." शेजारचा हसला आणि लगेच खाली बघू लागला.

जळकोटकडच्या गावाहून फोन आला. चुलतभाऊ भीमाशंकर होता.

"खड्डा झाला रे. भुई लई ठणक, दोन पहारी वाकल्या. बसायपुरता खणलाय, आत कोनाडा कोरलाय. टँकरच्या पाण्याच्या दोन घागरी आंघोळीला झाकून ठेवल्यात. कवा निघायलात?"

"निघतोय," विरूपाक्ष म्हणाला.

त्यांच्यात माणसाला आडवं पुरत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, तळहातावर लिंग देऊन बसवतात आणि तसंच मातीआड करतात. अंग ताठायच्या आत बसवलं तर माणूस बसतो. नंतर गुडघे मोडावे लागतात. गावात एकदा तशी वेळ आली होती. मलप्पा तेव्हा हजर होते.

"इथंच बसवू," मलप्पा खालच्या आवाजात म्हणाले. "भिंतीला टेकवून. एकदा मांडी बसली की मग धरू दे अंग."

"काका, इथं?"

"मग कुठं? गाडीत दोन तास जात्यात. त्याच्या आधी ह्यांचं काय उरकंना."

"लोक आहेत. लहान पोरं आहेत. दहा मिनिटं थांबू."

"मघापासून तेच म्हणायलास."

विरूपाक्ष लातुरात एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवायचा. समोरच्या बाकावर त्याची एक विद्यार्थिनी आईबरोबर बसली होती. मघाशी ती "सर" म्हणत उठायला गेली होती आणि आईनं तिला दंडाला धरून खाली ओढलं होतं. आता ती मान वर करत नव्हती. मेलेल्या माणसाचं अंग का धरतं, हे तिच्या सरांना नीट माहीत होतं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि तोंड पुसलं.

वरून वॉर्डबॉय आला.

"साहेब, स्ट्रेचर लागतंय. पेशंट खाली आणायचाय."

"आणि यांना?"

"थंड पेटीत ठेवू की. तुमचं बिल उद्या निघू द्या, परवा निघू द्या, काय होत न्हाई त्यात." त्यानं एक कागद आणि पेन पुढे केलं. "इथं सही मारा. एकदम सरळ झोपवून ठेवतो, काळजी नका करू."

मलप्पांनी चादरीखाली हात घालून भावाचा गुडघा उचलला. गुडघा वाकला, पण जोर लावावा लागला. त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. खाली रुद्राणीबाईनं पदराची गाठ सोडायला घेतली होती. दातांनी ओढूनही ती सुटत नव्हती.

विरूपाक्षनं पेन घेतलं.

"दादा, आलेच हं मेडिकलवाले," खिडकीतून मुलगी म्हणाली. "पाचच मिनिटं."

त्यानं पेनाचं टोपण लावलं आणि ते वॉर्डबॉयच्या खिशाला अडकवलं. मग तो समोरच्या बाकापुढे जाऊन उभा राहिला. विद्यार्थिनीनं वर पाहिलं. तिच्या आईनं पिशवी मांडीवर घेतली.

"जरा सरकून घ्या," तो म्हणाला. "आमच्या आप्पांना बसायचंय."