नवसाबाईचा उखाणा

"नवऱ्याचं नाव सांगा, मावशी," मशीनवाल्याने पुन्हा विचारलं.

नवसाबाईने पदर तोंडाला लावला. गंगापूर रोडच्या त्या लॉन्सवर ती झाडलोट करायची. परवाच्या लग्नात वरमाईच्या सोन्याच्या पाटल्या गेल्या, आणि मालक मनोज सरांनी पोलिसांच्या आधी हे आवाजावरून खोटं पकडणारं डबडं आणलं. खऱ्याला हिरवा दिवा, खोट्याला लाल.

"अहो, त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत," राखी वैतागली. लॉन्सची सगळी व्यवस्था ती बघायची. "मावशी, उखाण्यात घ्या."

नवसाबाई लाजत, सूर लावून म्हणाली, "नागलीची भाकर, तिळाची चटणी वाटून, मंगळूचं नाव घेते सगळ्यांचा मान राखून."

"छान. हा झाला यांचा खरा आवाज. पुढचं सगळं याच्याशी ताडून बघायचं," मशीनवाला म्हणाला. "पाटल्या तुम्ही घेतल्या?"

"नाय, बाबा. म्या कशाला घेऊ?"

लाल.

राखीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, मघाशी त्या गात होत्या! आता साधं बोलल्या. फरक पडणारच ना!"

"मॅडम, हे सॉफ्टवेअर आहे. त्याला गाणं-बिणं कळत नाही."

"तेच तर म्हणतेय मी!"

सकाळपासून हाच तमाशा. सर्दी झालेल्या वॉचमनला लाल, आल्याचा चहा पाजल्यावर हिरवा. आचारी चिडून बोलला म्हणून लाल, समजूत काढल्यावर हिरवा. राखीला पहिल्या फटक्यात हिरवा. आणि सर त्या दिव्याकडे देवाचा कौल असल्यासारखे बघत होते. सांगायचं कुणाला, कपाळ!

सरांनी फोन उचलला. "बोलावतो पोलिसांना. मशीनच सांगतंय."

नवसाबाई मटकन खाली बसली. "राखीताई, तुमी तरी सांगा ना. पोरगी उजवायचीय माझी. चोरटीची लेक म्हणून कोण करल तिला?"

राखीला ते बघवेना. उखाण्याची अवदसा आपल्यालाच आठवली होती.

"फोन ठेवा, सर. पाटल्या मी घेतल्या."

मशीनवाल्याने स्क्रीन सरांकडे वळवली. लाल.

सर हसले. "राखी, मन मोठं आहे गं तुझं. पण मावशीला वाचवायला खोटं कशाला बोलतेस?"

राखीने कपाळावर हात मारला, पर्स उघडली आणि पाटल्या काढून सरांच्या पुढ्यात ठेवल्या.